बारामती ते इंदापूर : अंतर मोजा, मगच भाव सांगा

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शेजारी तालुके. तयार कपडे, फर्निचर, फळे, मासळी असा माल या दोन गावांत सतत ये-जा करतो. मात्र भाव सांगताना आपले अनेक छोटे व्यापारी आणि कारागीर वाहतुकीचा खर्च अंदाजानेच धरतात. अंदाज चुकला की मेहनतीचा नफा भाड्यात जातो.

हवाई अंतर

दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर, १८ अंशांच्या किंचित वर आहेत. रेखांशात सुमारे २६ मिनिटांचा फरक आहे. या भागात रेखांशाचे एक मिनिट म्हणजे साधारण पावणेदोन किलोमीटर. यावरून सरळ रेषेतील अंतर सुमारे ४६ किलोमीटर निघते. बारामतीला धावपट्टी असली तरी इंदापूरला विमानतळ नाही. त्यामुळे हा आकडा नकाशापुरताच.

रस्त्याचे अंतर

काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने अंतर सुमारे ५० किलोमीटर भरते. मुलूख सपाट, वाटेत घाट नाही, म्हणून फरक फक्त चार-पाच किलोमीटरचा. सगळीकडे असे नसते. पोलादपूरहून महाबळेश्वर सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटरवर आहे, पण आंबेनळी घाटाने सुमारे ४० किलोमीटर जावे लागते. नव्या गावाची ऑर्डर घेताना नकाशावरच्या सरळ रेषेवर विसंबू नये, ते याचसाठी.

भाड्याचा हिशेब

इंदापूर शहराला रेल्वे नाही, तेव्हा सारी भिस्त टेम्पोवर. समजा टेम्पो लिटरला १० किलोमीटर जातो आणि डिझेल ९० रुपये आहे. जाऊन-येऊन १०० किलोमीटरला ९०० रुपये लागतील. ६० नग नेले तर नगामागे १५ रुपये, २० नग नेले तर ४५ रुपये. चालकाची मजुरी आणि हमाली वेगळी. दोघा-तिघांनी मिळून गाडी भरली किंवा परतीचा माल आधी ठरवला, तर हाच खर्च निम्म्यावर येऊ शकतो.

कापडवाल्यांनी लक्ष द्यावे

महाराष्ट्रात राज्यांतर्गत एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. सूत, कापड आणि तयार कपडे जॉबवर्कसाठी ५० किलोमीटरपर्यंत न्यायचे असतील, तर किंमत कितीही असली तरी सूट आहे. ही तरतूद जुलै २०१८ पासूनची आहे. बारामती-इंदापूर अंतर नेमके या मर्यादेच्या काठावर येते! शिवणकामाला माल पाठवताना दुकान ते कारखाना प्रत्यक्ष अंतर मोजावे. ते ५० च्या आसपास असेल आणि माल लाखावरचा असेल, तर बिल काढलेलेच बरे. वाटेत गाडी अडली तर दंडही पडतो आणि दिवसही जातो.

वेळेचे गणित

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी याच मार्गाने जाते. त्या दिवसांत वाहतूक वळवली जाते. उसाच्या हंगामात भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. मासळी आणि फळांना हा उशीर परवडत नाही.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, एका चिठ्ठीवर किलोमीटर, डिझेल, मजुरी आणि नग लिहा, भागाकार करा आणि त्यानंतरच गिऱ्हाइकाला भाव सांगा.