एकाच दगडाची दोन वयं?

"बाई, दगडाचं वय कसं मोजतात?" पाचवीतल्या मुलीने विचारलं. "त्याच्या आत घड्याळ असतं," असं मी सांगून टाकलं. घरी आल्यावर लक्षात आलं, उत्तर अर्धंच झालं.

पोटॅशियम-40 चा काही भाग अतिशय सावकाश आर्गॉन वायूत बदलतो. पण खडक खूप तापलेला असेल तर हा वायू खनिजातून निसटून जातो. थंड झाला की आतच अडकतो, आणि घड्याळ तेव्हा सुरू होतं. म्हणजे मोजलेलं वय जन्माचं असेलच असं नाही, ते थंड होण्याचं!

आणि प्रत्येक खनिजाचं 'झाकण' वेगळ्या तापमानाला बसतं. हॉर्नब्लेंडचं साधारण 500 अंश सेल्सिअसला, काळ्या अभ्रकाचं 300 च्या आसपास. समजा, एकाच दगडात हॉर्नब्लेंडचं वय 2 कोटी वर्षे आलं आणि अभ्रकाचं 1 कोटी. मग तो दगड 1 कोटी वर्षांत 200 अंश निवला. जमिनीत खाली दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश उष्णता वाढते, त्यामुळे दगड किती वेगाने वर आला याचाही अंदाज बांधता येतो.

हिमालयातल्या नंगा पर्वतावर काही ठिकाणी अभ्रकाचं वय जेमतेम 10 लाख वर्षे येतं. खडक मात्र कितीतरी जुना! डोंगर झपाट्याने उचलला गेला आणि तितकाच झिजला.

आपला दख्खनचा बेसॉल्ट उलट. लाव्हा पटकन थिजला, म्हणून त्याचं सुमारे 6.6 कोटी हे वय जन्माचंच.

वर्गात दाखवायला वितळलेलं मेण आणि खोबरेल तेल घ्या. मेण गरम असतानाच थिजतं, तेलाला मात्र थंडीतली सकाळ लागते.