ट्रॅव्हर्टाइन विकायचंय? मग आधी 'इथे नको' म्हणायला शिका!



टाइल्सचं दुकान, फरशी बसवायचं काम किंवा इंटिरिअरचा व्यवसाय सुरू करताय? मग समजा, एक गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवून म्हणतं, "हाच दगड पाहिजे. हॉल, किचन, बाथरूम, सगळीकडे." फोटोत ट्रॅव्हर्टाइन आहे. ऑर्डर मोठी आहे. लगेच हो म्हणणार? थांबा. आधी माल समजून घ्या.

दगड कसा आहे?

गरम झऱ्यांचं चुनखडीयुक्त पाणी बाहेर आलं की त्यातला वायू निघून जातो आणि चुना थरावर थर साचतो. तोच ट्रॅव्हर्टाइन. म्हणून त्यात बारीक भोकं आणि पट्टे दिसतात. रोमजवळच्या तिवोलीचा दगड कोलोसियमच्या बाहेरच्या भिंतीत आहे. १९९७ साली खुल्या झालेल्या लॉस एंजेलिसच्या गेटी सेंटरलाही तिथलाच सुमारे १६,००० टन दगड लागला. म्हणजे दगड टिकाऊ आहे, यात शंका नाही.

मग अडचण कुठे? आपल्या वापरात! हा दगड चुन्याचा, त्यामुळे आंबट पदार्थ आणि ॲसिड त्याला चालत नाही. ओट्यावर लिंबू, चिंच, कोकम सांडलं की डाग पडतो. बाथरूममध्ये ॲसिड टाकून घासलं की पॉलिश गेलंच. सहा महिन्यांनी फोन कोणाला येणार? तुम्हालाच.

कुठे हो, कुठे नको?

• हॉलची भिंत, टीव्हीमागची भिंत, देवघराची पाठभिंत: बिनधास्त द्या.
• हॉलची फरशी: भोकं भरलेला, मॅट फिनिशचा माल आणि वर सीलर.
• ओटा आणि ॲसिडने धुतलं जाणारं बाथरूम: सरळ नको म्हणा. तिथे ट्रॅव्हर्टाइनसारखी दिसणारी व्हिट्रिफाइड टाइल दाखवा. ऑर्डर तुमच्याकडेच राहते.

बसवताना तीन गोष्टी

१. निदान १० टक्के माल जास्त मागवा. नैसर्गिक दगड आहे, नंतर तीच शेड मिळेलच असं नाही.
२. सगळे बॉक्स उघडून आधी कोरडी मांडणी करा, गिऱ्हाइकाला दाखवा, मगच चिकटवा.
३. फिकट दगडाला पांढरा ॲडहेसिव्हच वापरा, करड्या सिमेंटचा रंग वर उमटू शकतो.

खरी कमाई पुढे आहे

सीलर कायम टिकत नाही. फरशीवर पाण्याचा थेंब टाका. तो मुरून डाग गडद झाला, तर पुन्हा सीलर हवा. ही सेवा तुम्हीच द्या. एकदा विकलेल्या मालावर गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा तुमच्याकडे येईल.

आजचं काम: एक सॅम्पल तुकडा आणा, त्यावर लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवा आणि मग पुसा. उरलेला निस्तेज डाग दुकानात ठेवा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवा. एखादी ऑर्डर कमी होईल, पण तुमच्या शब्दाला किंमत येईल. आणि मित्रांनो, छोट्या धंद्यात तेच आपलं भांडवल असतं!