गुडघाभर पीट

साताऱ्याच्या शाळेत मी सहा वर्षं भूगोल शिकवला. दगडी कोळशाचा धडा आला की फळ्यावर ओळीनं लिहायचे: पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, कोळशाची पहिली पायरी. मुलं पाठ करायची, मी गुण द्यायचे. प्रत्यक्षात पीट ना त्यांनी पाहिलं होतं, ना मी.

ते दिसलं लग्नानंतर मँचेस्टरला आल्यावर, आणि तेही गुडघाभर! मुलगा शाळेत रुळल्यावर एका शनिवारी स्वयंसेवकांबरोबर किंडर स्काउटच्या पठारावर गेले. काम होतं स्फॅग्नम नावाचं शेवाळ लावायचं. पाय टाकला आणि रुतलेच. बूट काढायला दोघांना हात द्यावा लागला.

हे शेवाळ आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. त्या ओलीत हवा पोचत नाही, म्हणून मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत आणि पीट साचत जातं, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. इथल्या ज्या गिरण्या आपण इतिहासात वाचल्या, त्यांच्या आणि आसपासच्या कारखान्यांच्या धुरानं हे शेवाळ मेलं. पठार उघडं पडलं, घळी पडल्या. जगाच्या जमिनीपैकी पीट फक्त ३ टक्के, पण मातीतल्या एकूण कार्बनचा सुमारे एक तृतीयांश भाग त्यात आहे. ते वाळलं की हा कार्बन हवेत जातो.

थर जिथे शाबूत आहे, तिथे त्यात जुने परागकणही टिकून असतात. ढोबळ हिशेबानं शिवजन्माच्या काळातला थर ४० सेंटिमीटर खाली. कुठल्या काळात जंगल होतं, कधी तुटलं, शेती कधी आली, हे त्या परागकणांवरून वाचता येतं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. एम.ए.नंतर पीएच.डी. करायची राहून गेली होती, ती इच्छा पुन्हा वर आली.

पहिला अर्ज नाकारला गेला. कारण कळवलं नाही, पण मी मनाशी ठरवून टाकलं: नऊ वर्षांचा खंड. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज केला. मुलाखतीत तोच प्रश्न आला, "या नऊ वर्षांत काय केलंत?" म्हटलं, "घर सांभाळलं, मूल वाढवलं, आणि दोन वर्षं शनिवारी पठारावर शेवाळ लावलं." मग त्यांनी विचारलं, "एकेका नमुन्यात किमान तीनशे परागकण मोजायचे असतात. सूक्ष्मदर्शकासमोर तासन्‌तास बसवेल?" मला हसूच आलं. सहामाही-वार्षिकचे गठ्ठे तपासलेल्या बाईला हे विचारता?

प्रवेश मिळाला, अर्धवेळ. म्हणजे सहा-सात वर्षं. पदवी हातात पडेल तेव्हा मी पंचेचाळिशीला टेकलेली असेन. अर्धवेळ म्हणून विद्यावेतनही निम्मंच. नवऱ्यानं आणि मी दोन रात्री वहीत हिशेब मांडला. कार बदलायचं पुढे ढकललं, मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक त्याच्याकडे गेला. पहिल्या मंगळवारची आमटी खारट होती. कोणी काही बोललं नाही.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, या वयात चिखल तुडवायला जाणार?" मी गप्प राहिले. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "पण तो चिखल वाहून गेला, तर परत व्हायला किती दिवस लागतात?"

"मीटरभराला हजार वर्षं, आई."

"मग जा बाई. लवकर जा."

आपल्या मंडळात अशा कितीतरी मैत्रिणी आहेत, ज्यांची प्रमाणपत्रं बॅगेच्या तळाशी पडून आहेत. त्यांना एवढंच सांगते: इथे सरकारी संशोधन मंडळांच्या शिष्यवृत्तीवरही अर्धवेळ संशोधन करता येतं. अर्जात खंड लपवू नका, त्या काळात काय केलं ते लिहा. आणि पहिल्या नकारानं खचू नका.

यंदा फराळ थोडा कमी झालाय. चकल्या दुकानातून आणल्यात. तरी दिवाळीला घरी या. दारात चिखलाचे बूट दिसतील, ते ओलांडून आत या.