मतदाराची कैफियत आणि प्रश्नावलीचे कोष्टक

राजकीय कल ठरविणाऱ्या ज्या प्रश्नावल्या हल्ली मोबाइलवर सोडविल्या जातात, त्या ठराविक विधानांवरील सहमती-असहमती मोजून मनुष्याला डावा, उजवा, उदार अथवा परंपरानिष्ठ अशा एखाद्या कोष्टकात दाखल करतात. परंतु ‘बाजारात सरकारने हस्तक्षेप करू नये’ हे विधान जालना जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकापुढे ठेविले, तर त्याने उत्तर काय द्यावे? २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला असता सरकारने त्या दराने खरेदी करावी आणि परदेशी खाद्यतेलावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आग्रह असतो. मात्र साठ्यावर मर्यादा घालणारा हुकूम निघाला की तोच शेतकरी त्याला जुलूम मानतो. मालाला भाव मिळावा, हे एकच सूत्र दोन्हींत असूनही प्रश्नावलीची बेरीज-वजाबाकी त्यास ‘मध्यममार्गी’ ठरवून मोकळी होते.

प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ सालच्या ग्रंथात, राज्यसंस्थेने समाजजीवनात कितपत ढवळाढवळ करावी आणि वंचित समूहांना आरक्षणासारखी खास मान्यता द्यावी काय, या दोन अक्षांवर भारतीय मतदार पारखला, ती रीत मला अधिक ग्राह्य वाटते. मात्र तीही कधी अपुरी पडते. जालन्यातीलच अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीस २०२३ साली मराठा आरक्षणासाठी आणि जवळच्याच वडीगोद्रीस २०२४ साली ओबीसी आरक्षणाच्या रक्षणार्थ उपोषणे झाली. ‘आरक्षण असावे काय?’ यावर दोन्ही मंडपांतून बहुधा ‘होय’ असेच उत्तर येईल. ते कोणाच्या वाट्यातून, हा मूळ तंटा त्या उत्तरात उमटत नाही.