गौरीचे हात आपल्या अंगणात

गौरी दोन दिवसांवर आल्या की कर्जतच्या बाजारात ठाकरणी तेरड्याच्या जुड्या घेऊन बसतात. त्यांच्या टोपलीत लाल-पिवळी, ज्वाळेसारख्या पाकळ्या वर वळलेली फुलेही असतात. तेच आपले ‘गौरीचे हात’, म्हणजे कळलावी. पूर्वी खालापूरच्या वाटेने शेतांच्या वईवर ही वेल सहज दिसे. आता वई जाऊन बंगल्यांच्या भिंती आल्या. म्हटलं, आपल्याच दारात लावू.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, कळलावी दारात लावली की घरात भांडणं लागतात!” मी हसले आणि लावलीच.

पहिल्या पावसाबरोबर कंद लावावा. कुंडी खोल हवी, तळाशी विटांचे तुकडे; पाणी साचले की कंद कुजलाच. माती, वाळू, शेणखत मिसळून कंद आडवा ठेवावा, वर दोन-तीन इंच माती. टोकाचा कोंब जपा, तो मोडला तर वेल फुटत नाही. हिच्या पानांची टोकेच गुंडाळून आधार धरतात, म्हणून बारीक काटक्या रोवाव्या. जाड बांबू तिला धरता येत नाही. फूल आधी हिरवट-पिवळे उमलते, मग लाल होत जाते. दिवाळीच्या सुमारास वेल वाळते. मेली म्हणून उपटू नका! पाणी तेवढे बंद करा. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा येते.

मी मात्र माघात कुंडी बदलायला कंद उपसले आणि ओट्यावर ठेवून शाळेत गेले. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. कामाच्या बाईने ते धुऊन रताळ्यांच्या टोपलीत टाकले! सासूबाईंनी नांगरासारखा दुफाटा आकार ओळखला म्हणून निभावले. लांगली हे संस्कृत नाव त्या आकारावरूनच पडले आहे.

या कंदात नि बियांत कोल्चिसिन असते. डॉक्टर गाउटवर तेच मोजून देतात, तमिळनाडूत बियांसाठी हिची शेतीही होते. पण कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. तसे घडलेच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा. लहान मूल किंवा गुरे असतील तर वेल त्यांच्या हाताबाहेर, तोंडाबाहेर हवी.

आमची कुंडी आता मागच्या कुंपणापाशी आहे. कंदांना हात फक्त मी लावते. यंदा गौरीला सात फुले मिळाली. सासूबाईंनीच खुडली आणि साबणाने दोनदा हात धुतले.