गोंदिया जिल्ह्याचे आकडे तुमच्या बांधीत कसे वाचायचे?

२०११ च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख २२ हजार ५०७ नोंदली गेली. त्यातील सुमारे ८३ टक्के लोक खेड्यात राहतात, म्हणजे जवळपास ११ लाख. खरिपात धानाखाली साधारण पावणेदोन ते दोन लाख हेक्टर जमीन असते. हे दोन आकडे एकत्र ठेवून भागाकार केला, तर धानाच्या एका हेक्टरमागे गावातील साडेपाच ते सव्वासहा माणसे येतात. पाच माणसांच्या घराच्या वाट्याला ८० ते ९० आर, म्हणजे दोन-सव्वादोन एकर.

हा फक्त हिशोबातला वाटा आहे. कोणाकडे दहा एकर असते, कोणाकडे सातबाराच नसतो. तरी या दोन एकरांवर एकदा हिशोब करून बघा. एकरी १५ क्विंटल धान धरले तर ३० क्विंटल होते. २०२५-२६ च्या साधारण धानाच्या २,३६९ रुपये हमीभावाने त्याचे ७१ हजार रुपये होतात. यातून बियाणे, खत, चिखलणी, रोवणी, कापणी आणि मळणी वजा करा. उरते त्यात वर्ष काढायचे. म्हणून एकरी दोन क्विंटलची घट कागदावर छोटी दिसली, तरी घरात ती साडेनऊ हजार रुपयांची असते.

आता पाऊस. जिल्ह्याची वार्षिक सरासरी बाराशे मिलिमीटरच्या वर आहे आणि रोवणीच्या धानालाही साधारण तेवढेच पाणी लागते. मग धान वाळतो का? सरासरी पावसाचे दिवस सांगत नाही. यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि भारी धान निसवायला येतो तेव्हा ऑक्टोबर उजाडलेला असतो. इटियाडोह किंवा बाघ प्रकल्पाचा कालवा, नाहीतर गावचा मामा तलाव शेवटचे पाणी देणार असेल, तरच १४० दिवसांच्या वर जाणारा भारी धान घ्या. वरथेंबी बांधीत ११५ ते १२५ दिवसांचा हलका धान बरा. भारी धानाचा उतारा जास्त असतो हे खरे, पण तो पाणी मिळाले तर. देवरी, सालेकसा भागातील चढाच्या जमिनीत हा फरक लवकर कळतो. जिल्ह्याच्या सरासरीवरून वाण निवडू नका. तुमच्या बांधीत मागील पाच वर्षांत पाणी कोणत्या तारखेपर्यंत टिकले, ते आठवा.

दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ९९९, हा जिल्ह्याचा आणखी एक आकडा. राज्यात हे प्रमाण ९२९ होते. रोवणी बहुतांश बायांच्याच हातची, तेव्हा माणसे भरपूर आहेत असे वाटेल. पण पाऊस आला की सगळ्या गावाची रोवणी एकाच पंधरवड्यात येते आणि तेव्हा बाया मिळत नाहीत. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे असताना लागले पाहिजेत. सगळे पऱ्हे एकाच दिवशी टाकण्याऐवजी आठ दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत टाका.

सरासरी सर्वात जास्त बोचते ती पीक विम्यात. भरपाई तुमच्या शेतावरून ठरत नाही. महसूल मंडळात जे पीक कापणी प्रयोग होतात, त्यांचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी आले, तरच मंडळाला लाभ मिळतो. शेजारच्या कालव्याखालील गावांत धान चांगला झाला आणि तुमचा वाळला, तर सरासरी तुमच्या विरोधात जाऊ शकते. म्हणून प्रयोग कोणत्या गटात आणि कधी आहे, हे गावच्या कृषी कर्मचाऱ्याला आधीच विचारून ठेवा.

ई-पीक पाहणीचेही तसेच आहे. सातबाऱ्यावर धानाची नोंद नसेल, तर आधारभूत केंद्रावर विक्रीच्या नोंदणीत अडचण येते आणि जिल्ह्याच्या पेऱ्यातही तुमची बांधी मोजली जात नाही. मुदत संपण्याच्या दिवसापर्यंत थांबू नका. शेवटी सर्व्हर चालत नाही, हा दरवर्षीचा अनुभव आहे.

लोकसंख्येचे आकडे आता जुने झाले. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोपर्यंत योजना २०११ वरच चालतील. तुमच्या बांधीचा आकडा मात्र तुम्हाला याच हंगामात काढता येतो. कापणीच्या वेळी धुऱ्यापासून आत, ना फार चांगल्या ना फार वाईट जागी, ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद चौकोन दोरीने आखा. तेवढाच धान वेगळा कापून मळा, वाळवा आणि तोला. आलेल्या किलोंना ४ ने गुणले की हेक्टरी क्विंटल मिळतात, १.६ ने गुणले की एकरी. १० किलो आले तर हेक्टरी ४०, एकरी १६ क्विंटल. ओला धान तोलू नका, आकडा फुगतो. केंद्रावरही १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. एका बांधीवर विसंबू नका. खोलगट बांधीत एक आणि चढावर एक असे दोन चौकोन घ्या आणि दोन्ही वजने तारखेसह वहीत वेगवेगळी लिहा.