ट्रॅक्टर नांगराची निगा

ट्रॅक्टरच्या मागे तीन सांध्यांच्या जोडणीने बसविलेल्या व हायड्रॉलिक दाबाने उचलल्या जाणाऱ्या नांगराची नियमित तपासणी, साफसफाई, वंगण आणि झिजलेल्या भागांची बदली यांचा या निगेत समावेश होतो. ही जोडणी हॅरी फर्ग्युसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली. मराठी मुलखात लोखंडी नांगराचा प्रसार लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे १९०३ मध्ये तयार केलेल्या नांगरापासून सुरू झाला. त्यापूर्वीच्या लाकडी नांगराचा फाळ लोहाराकडून पाजवून घेतला की काम भागत असे. ट्रॅक्टरच्या पलटी नांगराचे तेवढ्याने भागत नाही.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या खोऱ्यातील पिंपळवंडीसारख्या बागायती गावांत ऊस, कांदा, टोमॅटो अशी पिके घेतली जातात. भाड्याने चालणारा नांगर आज काळ्या चिकट रानात, तर उद्या मुरमाड माळावर जातो. मुरूम व गोटे फाळ झिजवितात. काळी माती पात्याला चिकटते.

सर्वाधिक लक्ष फाळाकडे द्यावे लागते. नव्या फाळाचे टोक किंचित खाली व न नांगरलेल्या जमिनीकडे झुकलेले असते. या झुकावामुळे नांगर स्वतःच जमिनीत शिरतो व सरळ चालतो. टोक बोथट झाले की नांगर वर उचलला जातो. मग त्यावर दगड ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. ती चुकीची आहे. तिने सांगाड्यावर ताण येतो, डिझेल अधिक जळते आणि खोली मात्र सारखी मिळत नाही. फाळाची किंमत वाया जाणाऱ्या डिझेलच्या मानाने थोडी असते. काही नांगरांत टोकाशी पुढे सरकविता येणारी पोलादी पहार असते. ती झिजेल तशी सरकवावी व शेवटी उलटवून वापरावी. पलटी नांगराचे उजवे व डावे फाळ जोडीनेच बदलावेत, अन्यथा एका फेरीची सरी खोल व दुसरीची उथळ पडते. पाणी दिलेला पोलादी फाळ भट्टीत तापविल्यास त्याचा कठीणपणा जातो. बर्फ हटविणाऱ्या वाहनांच्या पात्यालाही अशीच बदलता येणारी धारेची पट्टी असते. मूळ पाते झिजू देण्यापेक्षा पट्टी झिजू देणे हेच तत्त्व दोन्हींत आहे.

फाळाचे बोल्ट रोज काम सुरू करण्यापूर्वी आवळावेत. नवा फाळ बसविल्यावर पहिल्या काही तासांनी ते पुन्हा तपासावेत, कारण भाग एकमेकांत बसताना बोल्ट सैल होतात. बोल्टाचे डोके पृष्ठभागाच्या वर राहिल्यास तेथे माती अडकते. पलटी यंत्रणेच्या सांध्यांना व चाकाला ग्रीस द्यावे. जुने ग्रीस मातीसह बाहेर पडेपर्यंत ते भरणे योग्य.

नांगराचे खरे नुकसान बहुधा तो उभा असताना होते. उन्हाळी नांगरट संपली की तो मातीसकट बांधावर पडून राहतो व पावसाळाभर गंजतो. गंजलेल्या वक्र पात्यावरून माती सरकत नाही, आणि घासून ते पुन्हा गुळगुळीत होईपर्यंत बरेच रान वाया जाते. म्हणून तो धुऊन व कोरडा करून पात्यास, फाळास जाड ग्रीस फासावे आणि लाकडी ठोकळ्यांवर, शक्यतो छपराखाली ठेवावा.

फाळ बदलताना केवळ हायड्रॉलिकच्या आधारावर उचललेल्या नांगराखाली कधीही शिरू नये. होज फुटला, झडप गळली किंवा कोणाचा हात दांडीला लागला, तर तो क्षणात खाली येतो. आधी भक्कम ठोकळे द्यावेत, इंजिन बंद करून किल्ली काढावी. गळती बोटाने चाचपू नये. दाबाखालील तेलाची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते व अशा जखमेवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. गळती पाहण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.